कोठीची वही

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा मला स्नेहसंमेलन आठवले नाही की क्रीडांगण आठवले नाही. आठवली ती कोठीघराच्या दाराआड खिळ्याला सुतळीने टांगलेली एक लांबट वही. पुठ्ठ्यावर तेलाचे डाग आणि पानांना तांदळाच्या कोंड्याचा वास. सहावीत असताना अधीक्षक बाईंनी ती माझ्या हाती दिली. अक्षर बरे आणि बेरीज चुकत नाही, एवढीच माझी पात्रता. रोज सकाळी हजेरी झाली की मुलामुलींचा आकडा घ्यायचा, आजारी किती आणि पाहुणे किती ते विचारायचे, मग लहान गटाला एक वाटी आणि मोठ्या गटाला दीड वाटी या मापाने तांदूळ काढून स्वयंपाकाच्या मावशींपुढे ठेवायचा. रात्री भात किती उरला तेही लिहायचे. बाई म्हणत, "भात उरला तर हिशेब चुकला, कमी पडला तर आपण चुकलो." मला दोन्ही एकच वाटे.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आकडा खाली येई. वाड्यांवरची काही मुले आईबापांबरोबर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असत. मी वाट्या मोजून तांदूळ कमी करी. वहीत तारीख, पट, तांदूळ, डाळ आणि शिल्लक एवढेच रकाने होते. मुले कुठे गेली यासाठी रकाना नव्हता. मी सातवीत असताना माझ्या शेजारच्या कॉटवरची मैत्रीण अशीच परत आली नाही. आठ दिवस तिची वळकटी तशीच होती, मग मावशींनी ती उचलून माळ्यावर टाकली. त्या वर्षीपासून मी दीड वाटी तांदूळ कमी काढू लागले. ती कातकरी वाडीतली होती आणि पाढे माझ्यापेक्षा भरभर म्हणायची.

माझे स्वतःचे शिक्षण त्यानंतर सहा वर्षांनी थांबले. २००३ साली दहावी, २००५ साली शहापूरहून वाणिज्य शाखेची बारावी. पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना वडिलांना पक्षाघात झाला. ते खडीच्या खाणीवर कामाला होते. हजेरी बंद म्हणजे घरातला पैसा बंद. पुढे लग्न झाले, मुलगा झाला, आणि शिकण्याचा विषय कुणी काढेनासे झाले. आपल्याकडे अमक्या मुलीने "शिक्षण सोडले" असे सहज म्हणतात. मी सोडलेले नव्हते. गर्दीच्या लोकलमध्ये चढताना हातातली पिशवी निसटते, तसे ते निसटले होते. आपण आत आणि पिशवी फलाटावर.

२०११ पासून मी महामार्गालगतच्या एका गोदामात कामाला लागले. ही गोदामे आपल्याच भागात का उगवली, हे तिथे कित्येक वर्षे राबूनही मला ठाऊक नव्हते. अभ्यासाला लागल्यावर कळले. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. तेव्हा माल बाहेरच उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट मोठी झाली. राज्याराज्यांतल्या निरनिराळ्या करांपायी जागोजाग ठेवलेले लहान साठे एका ठिकाणी आणणे सोयीचे झाले, आणि घरपोच खरेदीचा धंदा त्याच सुमारास वाढीला लागला. भाताची खाचरे भरून त्यांवर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. वाशिंद, आसनगाव, किन्हवलीकडची माणसे पाळ्यांवर जाऊ लागली.

माझे काम मोजणीचे. एका हातात स्कॅनर. आधी कप्प्याचा बारकोड, मग मालाचा, मग नग. संगणक म्हणतो तेवढे नग कप्प्यात आहेत की नाहीत ते पाहायचे. आमच्या एका विभागात दर सोमवारी तूट निघे. चोरीचा संशय लोडिंगच्या पोरांवर होता. मुंबईच्या कार्यालयातून एक तरुण विश्लेषक आला आणि लॅपटॉप घेऊन तीन दिवस आमच्यात बसला. मी त्याला सांगितले, की रविवारी रात्री माणसे कमी असतात. परत आलेला माल स्कॅन न करता खाली रचून ठेवतात आणि सोमवारी दुपारी तो कप्प्यात चढतो. मधल्या वेळात मोजणी केली तर तूट दिसणारच. त्याने ते टिपून घेतले आणि आठवड्याभरात त्याचा आलेख वरिष्ठांपुढे ठेवला. आलेख देखणा होता, हे मान्य केले पाहिजे. पोरांवरचा संशयही गेला. पुढे त्याच विभागात एक जागा निघाली, म्हणून मी अर्ज केला. पदवी लागते, असे उत्तर आले. त्यात खोटे काही नव्हते. जाहिरातीत तसे छापलेलेच होते. तो तरुणही वाईट नव्हता. निघताना म्हणाला, "ताई, तुम्ही हे शिकत का नाही?" मला राग आला. रात्री जेवताना तो राग त्याच्यावर नसून त्या फलाटावर राहिलेल्या पिशवीवर आहे, हे लक्षात आले.

आपल्या शाळेत १४ एप्रिलला बाबासाहेबांवर भाषणे होत. मीही दोनदा केले. त्यांच्या पदव्यांची यादी आम्ही एका दमात म्हणायचो. पण त्या पदव्यांच्या मध्ये पडलेल्या खंडाविषयी कुणी बोलत नसे, आणि मोठेपणी मला त्या खंडाचाच आधार वाटला. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी विद्यापीठाने दिली होती. मधल्या काळात त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके तुटली आणि तो बंद पडला. मग ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आणि १९२० साली, वयाच्या २९ व्या वर्षी, मागे संसार असताना, ती नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी निघाले. गाठीला स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. प्राध्यापकाने पुन्हा बाकावर बसायचे, यात त्यांना काही कमीपणा वाटला नसावा. मी कुणाशी तुलना करीत नाही. गोदामातली मोजणीवाली बाई तशी तुलना करणार तरी कशी? पण खंड पडलेला अभ्यास पुरा करता येतो, एवढे त्या तारखांवरून मला पटले.

आधी मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पुरे करावे, असे म्हणत होते. १९८९ पासून हे विद्यापीठ आपल्यासारख्यांसाठीच उभे आहे आणि अनेकांचे निसटलेले शिक्षण त्याने उचलून हाती दिले आहे. पण मला जे शिकायचे होते, ते त्या तरुणाच्या लॅपटॉपमध्ये होते. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. बारावी उत्तीर्ण, दहावीला गणित आणि इंग्रजी, वयाची अट नाही. आधी चार आठवडे अभ्यास आणि त्यावर पात्रता परीक्षा. ती पार पडली की प्रवेश. पायाभूत, पदविका, पदवी असे टप्पे आहेत आणि मध्ये थांबावे लागले तरी पुरे केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र हाती राहते. अनुसूचित जाती-जमातींच्या व कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत मिळते. हे सारे तपशिलाने लिहिते आहे, कारण ही स्मरणिका वाचणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांच्या घरात बारावीनंतर थांबलेले कुणीतरी असेल, आणि आयआयटी हे नाव ऐकूनच ते पुढची ओळ वाचायचे सोडून देतील. मीही पहिल्यांदा सोडली होती.

२०२१ साली प्रवेश मिळाला तेव्हा मी ३४ वर्षांची होते. पहिल्या सत्रात गणितात नापास झाले. लाज वाटली ती मुलाची. तो तेव्हा आठवीत होता आणि मी त्याला नापास होऊ नकोस म्हणून दम देत असे. व्याख्याने इंग्रजीत. मी ती हळू वेगाने लावी, एकेक शब्द वहीत उतरवी आणि अर्थ शोधी. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, त्यामुळे पावसाळ्यात छत्री धरून पायथन शिकलेली मी बहुधा एकटीच असेन. त्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या कोऱ्या जागेलाही अर्थ असतो, हे समजेपर्यंत माझा एकही कार्यक्रम चालला नाही. सासूबाईंनी संध्याकाळच्या भाकऱ्या आपल्याकडे घेतल्या. त्या म्हणाल्या काहीच नाहीत; पीठ मळताना मला एकदा हातानेच "वर जा" अशी खूण केली, तीच परवानगी. यजमानांना मात्र हे खूळ दोन-तीन महिन्यांत उतरेल असे वाटत होते. ते तसे म्हणालेही. त्यावर आमचे भांडण झाले आणि पुढेही काही वेळा झाले. इथे ते लिहून ठेवते, कारण घरच्यांच्या भक्कम पाठिंब्याच्या कथा वाचून मला स्वतःच्या घराविषयी उगीच वाईट वाटत असे.

परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर द्यावी लागते, आणि ती रविवारी. मध्य रेल्वेवर रविवार हा मेगाब्लॉकचा वार. कसारा मार्गावर एक गाडी चुकली की दुसरीची वाट पाहण्यात निम्मा पेपर मनातल्या मनात विसरून होतो. पहाटेच्या अंधारात आसनगाव स्थानकावर उभे राहून मी सूत्रे म्हणत असे. एकदा भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या एका आजीने विचारले, "कसलं स्तोत्र म्हणं?" मी सांगितले, परीक्षेचे. "लागू पडतं का?" म्हणाली. त्या दिवशी पडले.

गणिताने जितके छळले, तितके सांख्यिकीने जवळ घेतले. मुलाच्या दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक होते आणि माझ्या पडद्यावर त्यांचीच इंग्रजी नावे. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही एकच धडा दोन भाषांत शिकत होतो. डेटाला मराठीत विदा म्हणतात, हे मला तेव्हाच कळले. मला मात्र अजून "नोंद" हाच शब्द जवळचा वाटतो. नमुना निवडण्याचा धडा आला तेव्हा लहानपणी पाहिलेले एक दृश्य उलगडले. भात तयार झाला की तलाठी आणि कृषी खात्याची माणसे येत, आधीच चिठ्ठीवर ठरलेल्या एखाद्याच शेतात जात, दोरीने ठरावीक मापाचा चौकोन आखत आणि तेवढेच पीक कापून, झोडून, तोलून निघून जात. आमचे शेजारी रागावत, की सगळे गाव सोडून माझ्याच खाचरात का? त्या पीक कापणी प्रयोगामागचे शास्त्र आपल्या देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. आपल्या आवडीचे किंवा रस्त्यालगतचे शेत निवडले तर साऱ्या तालुक्याचा अंदाज चुकतो; म्हणून शेत कुणाच्या इच्छेने नव्हे, तर यादृच्छिक आकड्यांनी निवडायचे. त्या शेजाऱ्यांना हे सांगायला हवे होते; ते आता नाहीत.

पुढच्या एका धड्यात दोन प्रकारच्या चुका आल्या. नसलेले आहे म्हणणे ही एक आणि असलेले नाही म्हणणे ही दुसरी. त्यांपैकी कोणती टाळायची हे त्या चुकीची किंमत कोण मोजणार आहे यावर ठरवावे लागते. मी गच्चीवर एकटीच हसले. अधीक्षक बाईंचा उरलेला भात आणि कमी पडलेला भात माझ्या पडद्यावर होता.

पदविकेच्या टप्प्यात एक प्रकल्प करावा लागतो. एखाद्या खऱ्या व्यवसायाकडून स्वतः नोंदी मिळवायच्या आणि त्याची एखादी अडचण त्या नोंदींतून सोडवून दाखवायची. मी किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक किराणा दुकान निवडले. माझ्या वडिलांचे खाते तिथेच होते, म्हणून शेठ नाही म्हणाले नाहीत. अडचण उधारीची. व्यवहार आता शेठच्या मुलाकडे आला होता. आपल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे २०१६ च्या डिसेंबरमध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. त्याचे वारे आजूबाजूलाही लागले. या मुलाने गल्ल्यावर क्यूआर कोड लावला होता आणि उधारीसाठी मोबाइलमध्ये ॲप घेतले होते. नव्वद दिवसांहून जास्त थकलेले खाते त्यात लाल होई. लाल खाती बहुतेक वाडीवरची होती. ती बंद करावीत, असे मुलाचे म्हणणे, आणि त्याला माझ्या अहवालाचा आधार हवा होता.

शेठनी मला तीन वर्षांचे रोजमेळ आणि खतावण्या पिशवीत घालून दिल्या. दोन महिने रात्री बसून मी जमा-नावे संगणकात उतरवले. पहिल्या मसुद्यात मी मुलाच्या बाजूनेच लिहिले: नव्वद दिवसांनंतर उधारी थांबवावी. आकडे तसेच सांगत होते. मग रकमा महिन्यांनुसार मांडून पाहिल्या. वाडीची उधारी ज्येष्ठात चढू लागे आणि भाद्रपदापर्यंत चढतच जाई. आपल्या भागात हे महिने कसे जातात, ते वाचकांना सांगायला नको. लावणी संपली की मजुरी संपते आणि नवा दाणा अजून शेतात असतो. आणि मग दिवाळीच्या आगेमागे, आठवड्याभरात, जवळजवळ सगळी खाती एकदम फिटत. आलेखावर ती रेघ कड्यावरून उडी टाकावी तशी खाली येई. ती रेघ मी आधी कुठेतरी पाहिली होती. दिवाळीनंतर खाली येणारा आकडा: कोठीच्या वहीत तिथे मुले कमी होत, इथे उधारी कमी होत होती.

मी शेठना विचारले. ते म्हणाले, "हे मला विचारलं असतंस तर एवढ्या वह्या उतरवायला नको होत्या. भट्टीचा मुकादम वाडीत येतो, उचल वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग लागते. चाळीस वर्षं बघतोय." मुलगा बाजूलाच होता. त्याने हे कधी विचारले नव्हते आणि शेठनी कधी सांगितले नव्हते.

म्हणजे ही माणसे बुडवणारी नव्हती. त्यांचा फेडण्याचा महिना वेगळा होता, इतकेच. बाबासाहेबांचा १९१८ चा एक लेख आहे, भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा. जमीन किती एकर, यावरून ती शेती किफायतशीर की नाही हे ठरत नाही, असा त्यातला युक्तिवाद. त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसे किती विसंबून आहेत हे पाहावे लागते. मी तो या प्रकल्पाच्या निमित्ताने वाचला. एकरांचा आकडा जसा एकटा काही सांगत नाही, तसे माझे नव्वद दिवसही सांगत नव्हते.

प्रकल्प इथे संपला असता तर मला समाधान वाटले असते. पण त्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात मी दुकानात बसून कोण किती फेडते ते लिहून घेत होते, तेव्हा रांगेत माझी शाळेतली मैत्रीण उभी होती. खाते तिच्या नवऱ्याच्या नावावर असल्याने वहीत ती मला सापडली नव्हती. तिने मला आधी ओळखले. पैसे मोजून दिले, आणि बोट दाखवून शेठना खाते खोडायला लावले. म्हणाली, "शेठचा फिटला. आता मुकादमाचा." मग माझ्या लॅपटॉपकडे पाहून विचारले, "तू काय लिवतेस?"

"हिशेब."

"आमचा पण?"

"तुमचापण."

"मंग मुकादमाची वही पण बघ."

मी तिच्या मुलांविषयी विचारले. मुलगी आश्रमशाळेत आहे, तिला भट्टीवर नेत नाही, म्हणाली. एवढे सांगून ती निघाली. टेम्पो दुसऱ्या दिवशी पहाटे यायचा होता आणि बांधाबांध राहिली होती. पाढ्यांविषयी मी काही बोलले नाही.

तिच्या सांगण्यावरून मी मुकादमाची वही मागायला गेले. ती मला कुणी दाखवली नाही. शेठच्या वहीत जे खाते "पूर्ण जमा" दिसत होते, ते कर्ज फिटलेले नव्हते. ते एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले होते, आणि तिथे ते रुपयांऐवजी सहा-सात महिन्यांच्या विटांनी फेडायचे होते. आगाऊ रकमेपोटी माणसाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणाची उचल त्या कायद्यात बसते आणि कुणाची नुसता आगाऊ पगार ठरते, हे त्या दुसऱ्या वहीशिवाय सांगता येत नाही. माझ्या अहवालात शिफारस अशी गेली, की वाडीच्या खात्यांची मुदत दिवसांनी न मोजता हंगामाने मोजावी, आणि भाद्रपदात दुकानदाराचे भांडवल अडकते त्याची तजवीज आधी करावी. शेवटी एक पान मी या नोंदींत न दिसणाऱ्या गोष्टींवर लिहिले. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्याच पानावर आले आणि त्यांतल्या निम्म्यांना मला उत्तर देता आले नाही. प्रकल्प उत्तीर्ण झाला. शेठच्या मुलाने ॲपमध्ये वाडीची मुदत दिवाळीपर्यंत केली. लाल रंग गेला. उचल आहे तशीच आहे.

पदविका मिळाल्यावर मी नोकरी बदलली. आता एका दुसऱ्या गोदामाच्या नियोजन विभागात आहे. पगार वाढला, पण लोक समजतात तेवढा नाही; माझ्याबरोबरची पंचविशीतली मुले माझ्याएवढेच घेतात आणि माझी आधीची दहा वर्षे त्यात धरलेली नाहीत. गणपती-दिवाळीच्या आधी कोणता माल किती आणून ठेवावा आणि उद्याच्या पाळीला रोजंदारीची किती माणसे बोलवावीत, याचा अंदाज मी काढते. अंदाज जास्त निघाला तर आलेल्या माणसांना फाटकावरून परत जावे लागते, तेही भाडे खर्चून. कमी निघाला तर हजर असतील त्यांच्या पाठीवर ओझे पडते. कंपनीच्या तक्त्यात पहिल्या चुकीची किंमत शून्य धरली होती. ती शून्य नाही, हे मी लेखी मांडले आहे आणि परत पाठवलेल्यांना निदान अर्धी हजेरी द्यावी, असे सुचवले आहे. दोनदा बैठक झाली आहे. तिसरी व्हायची आहे.

गेल्या महिन्यात शाळेत गेले होते. कोठीघराला आता लोखंडी दार आहे, मावशी नव्या आहेत, वाट्यांची जागा वजनकाट्याने घेतली आहे. वही मात्र तशीच लांबट, तशीच सुतळीला. सातवीतली एक मुलगी ती लिहिते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. मी पाने चाळली. दिवाळीनंतरचा उतार आता पूर्वीइतका खोल नाही, पण आहे. बाईंची परवानगी घेऊन मी पट्टीने एक रकाना आखून दिला आणि वर लिहिले, "कुठे गेले".

मुलीने विचारले, "कळलं नाही तर काय लिहू?"

मी म्हटले, "कुणाकुणाला विचारलं, ते लिही."

तिने मान हलवली आणि त्या दिवसाच्या ओळीत लगेच काहीतरी लिहायला घेतले. मी वाकून पाहिले नाही. मला परतायची घाई होती; पदवीचे माझे चार विषय अजून राहिले आहेत आणि पुढचा पेपर येत्या रविवारी आहे. मेगाब्लॉक आहे की नाही, ते शनिवारी कळेल.